जनाच्या लग्नासाठी आवाज

२ मे १९७६, दहिवली
शाळेला सुट्टी लागून आठवडा झाला. वर्गात पोरांवर ओरडणं नाही, काय ती शांतता! आज दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणायला गेले, तर आवाज फुटेना. फुटला तो चिरकाच. घशाला काहीतरी सीरियस झालंय.

४ मे
कर्जतला डॉक्टरांना दाखवलं. टॉर्च मारून म्हणाले, घसा ठणठणीत आहे, सुट्टीत कोणाशी बोलता का? आगाऊ माणूस. मला बोलायला वेळ कुठे असतो!

५ मे
मासिकात स्त्रियांच्या आवाजाच्या व्यायामांवर लेख सापडला. तोंड मिटून 'हूं', ओठांची फुरफुर, नळीने पाण्यात बुडबुडे, मग खर्जापासून वरपर्यंत 'आ'. शेजारच्या मालनबाईंच्या जनाचं लग्न याच महिन्यात आहे. मंगलाष्टकं मीच म्हणणार, हे उघड आहे. आळीत शिकलेली दुसरी आहे कोण? चार कडवी रचलीसुद्धा. नवऱ्या मुलाचं नाव तेवढं विचारायचंय.

९ मे, संध्याकाळ
मालनबाई हल्ली ओट्यावर गप्पांना येत नाहीत. बरंच झालं. रियाजात व्यत्यय नको. चहा मात्र सवयीने दोन कप झाला. दोन्ही मीच प्यायले.

१४ मे
खर्ज आता पुरुषासारखा लागतो. प्रगती! मधेच कडी वाजली. पण 'हूं' अर्ध्यात सोडायचा नाही, असं लेखात बजावलंय. दार उघडलं तेव्हा कोणी नव्हतं.

१७ मे
पुन्हा कडी. नेमकी मी वरच्या 'आ'वर.

२१ मे
अजून लग्नाची अक्षत आली नाही. घाईत असतील. बोलावल्याशिवाय मी कोणाकडे जात नाही. साडीला इस्त्री केली.

२३ मे
कर्ण्यावर आळीतल्या ठकूबाईंचा धवला चाललाय. लग्नाची सगळी गाणी त्याच म्हणतायत. पान खाऊन घोगरा झालेला आवाज, व्यायाम शून्य. तरी सगळ्या बायका मागून म्हणतायत. मी साडी नेसून बसलेय. दार उघडं ठेवलंय. शेवटी माझी कडवी घरातच म्हटली. आवाज छान लागला. मग फार रडू आलं.

२५ मे
मालनबाई लाडू घेऊन आल्या. रागावल्या होत्या. म्हणाल्या, अक्षत घेऊन दोनदा आले व्हते बाई. आत एक पुरुष, एक बाई, नुसती भांडनं. भांडनात अक्षत कशी ठेवू? तुमचा भाऊ-भावजय आली असतील म्हटलं. एकट्याच असता, पाव्हनं आलं म्हनून मला बरंच वाटलं.
मग आत डोकावून हळूच विचारलं, गेले का पाव्हने?
म्हटलं, हो, कालच गेले. आवाज अगदी साफ निघाला.