मातीत रचलेल्या विटा

खामगाव,
१२ डिसेंबर १९६३

प्रिय शारू,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. आधी नीट बस, मग वाच. अण्णा गेले. रविवारी सकाळी. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी संपलं. तार केली नाही म्हणून रागावशील. रागाव. पण मला जे सांगायचंय ते तारेत मावणारं नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय तुला ये म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

घरावर त्यांचा जीव किती, ते तुला सांगायला नको. एकतीस साली बांधलं तेव्हा मी नवी नवरी. वकिली नुकती कुठे चालू लागलेली, आणि या गृहस्थांनी नकाशा स्वतः काढला, कोर्टाच्या कागदांच्या पाठीवर. ब्रह्मदेशचं सागवान स्टेशनावर उतरवून बैलगाड्यांनी आणवलं. तो रुंद व्हरांडा, गोल खांब, कपाळावर चुन्यातलं १९३१, आणि मधोमध ते दोन फळ्यांचं दार, वर रंगीत काचांची कमान. त्या दारापायी महिनाभर सुताराचा जीव खाल्ला, माझ्या स्वयंपाकघरात मात्र धुराला वाट ठेवायला विसरले! बोळातलं दुसरं दार तर इतकं अरुंद, की पाण्याची घागर घेऊन आडवं वळावं लागे. संध्याकाळी काचांचे रंग दिवाणखान्याच्या फरशीवर पडायचे. तू लाल तेवढा सोडून बाकीच्यांवर उड्या मारायचीस. लालावर पाय पडला की आऊट, हा तुझाच नियम, आणि अण्णांनाही तो पाळावा लागे.

समोरच्या त्याच दारातून तू एक पिशवी घेऊन सुधाकररावांकडे गेलीस, अण्णांच्या देखत. परजातीचा जावई त्यांच्या मनानं घेतला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दयाराम गवंड्याला बोलावून ते दार बाहेरून विटांनी बुजवून घेतलं. वरची कमान तेवढी ठेवली. आतून फळ्या उघडल्या की समोर भिंत. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही, आणि नंतर बोलले तेही मीठमिरचीपुरतं.

दर दिवाळीला दयाराम विचारायचा, सायेब, गिलावा करून टाकू का, बरं नाही दिसत. हे नको म्हणायचे. मला वाटे, आपला राग गावाला दिसत राहावा म्हणून विटा उघड्या ठेवल्यात. दिवाळीलाच स्टुलावर चढून बिजागऱ्यांना तेल घालायचे, स्वतःच्या हातानं. न उघडणाऱ्या दाराला तेल! मी म्हणायची, वकिलांचं डोकं फिरलं. ते हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. संध्याकाळी खुर्ची ओढून काचांच्या उजेडात बसायचे, पण पाय कधी लाल रंगावर पडू द्यायचे नाहीत. हे सगळं मला दिसत होतं, शारू. पण रागापायी मी त्याचा विचारच केला नाही.

रविवारी तिरडी बोळातल्या दारातून वळेना. मंडळी म्हणाली, समोरची भिंत फोडा. दयाराम पहार घेऊन आला, पण ती त्यानं बाजूला ठेवली आणि एकेक वीट हातानंच काढू लागला. भाजी निवडावी तशा त्या निघत होत्या. त्याही स्थितीत मी त्याला म्हटलं, इतकं कच्चं काम करतोस होय रे? तर तो रडायलाच लागला. म्हणाला, "बाई, सायबानं मले चुना घालूच देल्ला नाही. म्हने, मातीत रच, अन् कोनाले सांगू नको. पोरगी आली त घंट्याभरात भिंत निंगाली पाह्यजे." अर्ध्या तासात दार मोकळं झालं. फळ्या उघडताना बिजागऱ्या कुरकुरल्यासुद्धा नाहीत. त्या दारातून अण्णा गेले.

आता माझं ऐक. त्या पहिल्या दिवाळीला तू पत्रात विचारलं होतंस, येऊ का? ते पत्र मी त्यांना दाखवलंच नाही. तांदळाच्या डब्यात लपवलं आणि तुला कळवलं, अण्णांनी दार बुजवलंय, या घरात तुला जागा नाही, येऊ नकोस. असं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. विटा पाहून मीच ठरवलं. तुझा अपमान होऊ नये म्हणून लिहिलं, अशी मनाची समजूत घालत आले. खरं म्हणजे त्यांना विचारायची मला भीती वाटली. तू आली नाहीस ती माझ्या पत्रामुळे, त्यांच्या भिंतीमुळे नाही, आणि हे मला कळायच्या आत ते गेले. माफ कर, असं लिहायचीही माझी लायकी नाही. वीस तारखेला तेरावं आहे. सुधाकररावांना घेऊन ये, समोरच्या दारानं ये. दयाराम विटा न्यायला दोनदा येऊन गेला. मी त्याला म्हटलं, राहू दे व्हरांड्यातच. शारूला आधी हातात घेऊन बघू दे, बोट लावलं की माती कशी गळते ती.

तुझीच,
आई