चढावरचं गाणं आणि गाडीचं नवं इंजिन

प्रिय आत्या,

जय भीम.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, ते मला ठाऊक नाही. माणूस गेला की गेला, वर त्याला कुठं खोली मिळत नसते, हे तूच मला शिकवलंस. मग पत्ता म्हणून काय लिहू, सांग? पण परवा आम्ही नागपूरहून परत आलो आणि गाडीतून उतरता उतरता गयाबाईनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "सुजे, इंजनाचं सगळं बाईला कळव. पेपरात लिहिती तसं तिखटमीठ लावू नको. बराबर लिही." गयाबाईचं न ऐकायची हिंमत आपल्या गल्लीत तुझ्याकडंही नव्हती. माझ्याकडं कुठून येणार?

तर ऐक. आपल्या गाडीचं इंजिन बदललं.

रागावलीस? थांब, आधी सगळं ऐकून घे. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर द्यायची तुझी सवय जुनी. पण या खेपेला माझी बाजू भक्कम आहे, कारण तुला मधे बोलता येत नाही!

निवृत्त झाल्यावर बाकीच्या हेडमास्तरणींनी पाटल्या केल्या. तू जुनी डिझेल गाडी घेतलीस. पांढरी, चौकोनी, समोरून म्हशीसारखी, दाटीवाटीनं अख्खी गल्ली मावेल अशी. का, तर दसऱ्याला दीक्षाभूमीला जाताना आपल्या बायकांना ट्रकच्या फळीला धरून उभं राहावं लागू नये. आठवतं, पहिल्या वर्षी गयाबाई गाडीत चप्पल काढून बसली होती?

सपाटीवर ती गाडी बरी चालायची. चढ दिसला की मात्र तिला दम लागायचा. मेहकरकडचा तो लांबलचक चढ आला, की तू माझ्या हातातून स्टिअरिंग काढून घ्यायचीस. एसी बंद करायचीस, दुसरा गिअर टाकायचीस आणि आरशात बघून हुकूम सोडायचीस, "हं, म्हणा!" की मागच्या बाया भीमगीत धरायच्या. टाळ्या, गाणं, काळा धूर, इंजिनाची गुरगुर, सगळं मिळून आम्ही वर पोचायचो. गयाबाईची आजही खात्री आहे, की ती गाडी सपाटीवर डिझेलवर चालायची आणि चढावर गाण्यावर. जन्मभर विज्ञान शिकवलंस ना गं? मग तिची ही समजूत एकदाही का नाही काढलीस?

मी त्या गाण्यात कधी नव्हते. खिडकीशी बसून बाहेर बघायची. माझा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, हे एक. आणि गाणाऱ्यांची गंमत बघणारं कुणीतरी लागतं, असा माझा समज, हे दुसरं. तू एकदा चढावर असतानाच, मान न वळवता म्हणालीस, "जी गात न्हाई, ती गाडीत नुसतं वजन." मला ते चांगलंच लागलं. मी त्यावर रविवारचा लेख लिहिला. लेख तू कापून ठेवलास, पण मत बदललं नाहीस.

तू हिवाळ्यात गेलीस. गाडी उन्हाळाभर ताडपत्रीखाली होती. पाऊस ओसरल्यावर सुरू केली, तर निळा धूर! तेल जाळत होती. रेल्वेच्या पुलावर चढवली, तर मधेच तिनं मान टाकली. मागं सळया भरलेला टेम्पो, त्याच्या मागं अर्धी एमआयडीसी. सगळ्यांनी मिळून माझ्या घराण्याचा उद्धार केला. आणि इकडं दसरा तोंडावर आलेला, बायकांनी पांढऱ्या साड्यांना नीळ देऊन ठेवलेली. गाडी झाली नाही तर पुन्हा ट्रक. आणि आता गयाबाईच्या गुडघ्यांना ट्रक झेपणार नव्हता, हे तिच्याशिवाय सगळ्यांना कळत होतं.

हमीदभाईच्या गॅरेजात आमची बैठक बसली. तुझा लाडका मिलिंद, म्हणजे माझे धाकटे बंधुराज, मोबाइलवर बघून बघून अर्धे मेकॅनिक झालेत. त्याचं म्हणणं, आहे त्याच इंजिनाला टर्बो लावू. टर्बो म्हणजे काय, ते मला हमीदभाईनं समजावलं. इंजिन जो धूर बाहेर टाकतं, त्याच्याच जोरावर एक पंखा फिरतो आणि तो ताजी हवा दाबून दाबून आत कोंबतो. हवा जास्त, डिझेल जास्त, म्हणून जोर जास्त. मी म्हटलं, आपल्याच धुरावर फिरायचं आणि वर हवा भरून घ्यायची, हे तर मी आपल्या पुढाऱ्यांबद्दल इतकी वर्षं लिहितेय. त्याला टर्बो म्हणतात, हे माहीत नव्हतं.

हमीदभाईनं इंजिनावर पाना वाजवून निकाल दिला. "ताई, बुढ्ढे के सीने में इतनी हवा भरेंगे, तो वो दौड़ेगा नहीं, फटेगा." मिलिंदनं मग पट्ट्यावर फिरणारा, हवा भरणारा आणखी एक पंखा मोबाइलवर दाखवला. हमीदभाईनं मोबाइलकडं न बघता चहा सांगितला.

राहिले दोन रस्ते. एक म्हणजे तुझंच इंजिन उघडायचं, सिलिंडर आतून घासून, म्हणजे बोअर करून, नवे पिस्टन घालायचे. धूर थांबेल, चढावरचा दम तसाच राहील. दुसरा म्हणजे त्याच कंपनीच्या नव्या गाडीतलं, टर्बोसकट आलेलं इंजिन बसवायचं. एका अपघातातल्या गाडीचं इंजिन हमीदभाईच्या नजरेत होतं. क्लच बदलावा लागणार, रेडिएटर मोठा लागणार, आरटीओची परवानगी आधी काढावी लागणार. "कंपनी एकच, डीजलकाच, जात एकच होना. कागद दिखाना पडता," हमीदभाई म्हणाला. बघ आत्या, इंजिनालाही दाखला लागतो!

मी जुन्याच्या बाजूनं उभी राहिले. आणि काय बोलले म्हणून सांगू! म्हटलं, हा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की बाया तव्यावरची भाकरी उतरवून दाराशी यायच्या. या गिअरवर आत्याचा हात होता. हा आवाज गेला, तर तिचं उरलं काय? माझेच डोळे भरून आले. मिलिंद खाली बघायला लागला. हमीदभाईनं रेडिओ बंद केला. सभा मी जिंकली होती.

गयाबाई जुन्या टायरवर बसून सगळं ऐकत होती. गाडी होते की नाही ते बघायला रिक्षा करून आली होती. ती म्हणाली, "सुजे, बाई दसऱ्याला गाडीला हार घालू देत होती का?"

मी म्हटलं, नाही. कशी देशील? साऱ्या जालन्यात दसऱ्याला गाड्यांना झेंडूचे हार आणि बॉनेटवर लिंबू. एकदा मिलिंदनंही हौसेनं हार आणला होता. तू तो काढून त्याच्याच गळ्यात घातलास आणि म्हणालीस, यंत्राला हार लागत नाही, तेल लागतं.

"मंग तू काय करून राह्यली?" गयाबाई म्हणाली. "इंजनाला हारच घालून राह्यली न्हवं का?"

दुसऱ्यांच्या भक्तीची टिंगल करून पोट भरणारी मी, एका इंजिनासमोर हात जोडून उभी! त्या वेळी तिथं माझ्यासारखं कुणी लेख लिहिणारं नव्हतं, एवढंच माझं नशीब.

इंजिन बदललं, आत्या.

जुन्याचं काय केलं, तेही विचारशील. हमीदभाई म्हणत होता, भंगारात देऊ, भट्टीत जाऊन त्याची सळई होईल. ते मिलिंदनं अडवलं आणि इंजिन आयटीआयला देऊन आला. आता तिथं रोज नवी पोरंपोरी त्याचं झाकण उघडतात, पिस्टन काढतात, परत बसवतात आणि चुकतात. तू निवृत्तीनंतरही शिकवणं सोडलं नव्हतंस. इंजिन तरी कसं सोडेल?

आणि नव्या इंजिनाची गाडी! अगं, काय पळते! गल्लीतून निघताना मी पाय नुसता टेकवला, तर मागच्या सीटवरचा ठेच्याचा डबा पुढं आला. गयाबाई म्हणाली, "हळू, म्हातारी माणसं हायेत." मी म्हटलं, गाडी तरुण आहे, तिला सांग. सिंदखेडराजा कधी मागं पडलं, ते चहाची तल्लफ असलेल्यांनाच कळलं.

मग तो चढ आला. या खेपेला स्टिअरिंग काढून घ्यायला कुणी नव्हतं. माझा हात आपसूक एसीच्या बटणाकडं गेला. काही गरज नव्हती, तरी बंद केला. आरशात पाहिलं, तर सगळ्या माझ्याचकडं बघत होत्या. तुझी जागा किती मोठी होती, ते मला त्या आरशात दिसलं.

मी म्हटलं, "हं, म्हणा."

त्यांनी गाणं धरलं. आणि या टर्बोनं काय करावं? दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत आम्ही माथ्यावर! बाया गांगरल्या. समोर चढच नाही, तर गाणं कुणासाठी?

"थांबव," गयाबाई म्हणाली. "गाणं राह्यलं."

मी गाडी कडेला घेऊन बंद केली. सगळ्या खाली उतरल्या. वाऱ्यावर पांढरे पदर उडत होते, बाजूनं ट्रक जात होते, आणि आपल्या बाया रस्त्याकडेला उभ्या राहून उरलेली कडवी म्हणत होत्या. मी सवयीनं दाराशी टेकून बघत होते. गयाबाईनं गाता गाता माझ्याकडं मान वळवली. तुझ्या बोलण्यातलं एक अक्षर ती विसरलेली नाही. म्हणाली, "गाडी बंद हाये. आता तरी वजन होऊ नको."

गायले, आत्या. आवाज अजून पत्र्याचाच आहे. शेजारच्या बाईनं दोन पावलं अंतर घेतलं. पण मी शेवटच्या कडव्यापर्यंत सोडलं नाही. एक ट्रकवाला हॉर्न वाजवून गेला, तो कौतुकानं की घाबरून, ते कळलं नाही. तुला ऐकवायला हवं होतं मी हे. तू असतानाच ऐकवायला हवं होतं.

तर शब्द देते. पुढच्या दसऱ्याला मेहकरकडच्या चढावर एसी बंद, गिअर दुसरा आणि गाडी गाण्याच्या चालीनं. मागचे किती का हॉर्न वाजवेनात, शेवटचं कडवं माथ्यावर संपेल, त्याच्या आधी नाही. तेल वेळेवर बदलीन. हार कुणाला घालू देणार नाही. सपाटीवर मी किती जोरात चालवते, ते मात्र विचारायचं नाही.

तुझी भाची,
सुजाता
(आता गाडीत नुसतं वजन नसलेली)