सुमीचा उजवा हात

११ जाने.
आमच्या मुक्या जनावरांच्या दवाखान्याचं उद्घाटन पंधराला, आणि पेशंट आजच हजर. कारध्याच्या पुलावरचं तांबडं कुत्रं. जबडा लोंबलेला, लाळ गळतेय. मी मोठा शहाणा, लगेच निदान केलं: घशात हाड अडकलंय. माझा पंजा फावड्याएवढा, म्हणून सुमीला म्हटलं, तू बघ. बायकोचा हात लहान. तिनं मनगटापर्यंत आत घातला. हाड नाही. मग हात पदराला पुसला. मागावर बसून तिची बोटं कोशाच्या रेशमी धाग्यानं कायम चिरलेली. हातमोजा तेव्हा सुचलाच नाही.

१२ जाने.
कुत्र्याचे मागचे पाय लुळे. पाण्याशी जातं, गिळता येत नाही. मनात एक शब्द आला, लिहीत नाही.
गुरांच्या डॉक्टरांना फोन लावायला घेतला, ठेवला. गावात आधीच कुजबुज. शेजारचे रामाजी परवाच म्हणाले, "मागाची खोली रिकामी केली त भाड्यानं द्या ना जी. पिसाळलेले कुत्रे काहून आणून राहिले गावात?" हे कळलं तर पंधराला कुलूपच. तीन वर्षं घासलीत या दवाखान्यासाठी. झाकली मूठ बरी.

१३ जाने.
सकाळी मेलं. खोलीमागे पुरलं, मीठ टाकून. सुमी: "काय झालं होतं जी त्याले?" म्हटलं, "हाडच. आत उतरलं असन." भित्रा माणूस मी, खोटं मात्र सफाईनं बोललो.

१५ जाने.
नारळ फुटला, सरपंच बोलले, पेढे वाटले. मग सुमीनं डॉक्टरांना मोठ्या कौतुकानं पहिल्या पेशंटची हकीकत सांगितली. त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला. "तोंडात हात? वहिनी, बोटं दाखवा."
रेबीज. सगळ्यांसमोर म्हणाले. मंडप रिकामा व्हायला वेळ लागला नाही.
नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं हात, मग थेट भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात. चिरांभोवती सुया, दंडात एक. तिथल्या मॅडम: "चार दिवस काहून थांबले?" सुमी म्हणाली, "आमाले मालूम नव्हतं." आमाले! मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो.

१८ जाने.
दुसरी सुई. आणखी तीन. मॅडम म्हणतात, उशीर झाला तरी बहुतेक धोका टळतो. बहुतेक.
गावातलं कोणी फिरकत नाही. आत पाय मोडलेली एक गाय, दोन कुत्री. म्हटलं, बंद करू. सुमी: "त्याईले कोठं टाकू?"

२० जाने.
वेणी घालता घालता म्हणाली, "बोटात मुंग्या येऊन राहिल्या." भिंतीवरच्या त्या तक्त्यात रेबीजचं पहिलं लक्षण हेच होतं. मॅडम फोनवर म्हणाल्या, बोटात सुया टोचल्यात, त्यानंही असेल, परवा दाखवा. असेल म्हणजे काय? दिवसभर तिच्याकडे चोरून बघत होतो. प्रचंड भीती वाटतेय. तिच्यासाठी, आणि लाज वाटते पण, ती विचारेल याचीही.

२२ जाने.
तिसरी सुई. मॅडमनी हात दाबून पाहिला, म्हणाल्या, आत्ताच सांगता येत नाही.
परतताना पुलावर सुमी थांबली. "गुराईचे डॉक्टर सांगत होते, दुसऱ्या दिवशीच समजाले पाह्यजे होतं. तुमाले समजलं होतं का?"
"बाराले," मी म्हटलं.
"अन् मी तेराले इचारलं होतं."
 घरी येऊन गाईच्या पायाची पट्टी बदलली, एकटीनं, डाव्या हातानं. मला हात लावू दिला नाही.
मुंग्या अजून येतात का, तीनदा विचारलं. सांगत नाही.