पडद्याच्या डाव्या कडेपलीकडे

५ मार्च
जी यंत्रं आता कुणीच वापरत नाही, त्यांना माऊस जोडून काय मिळणार? निघताना आईने विचारलं. घरातली मी पहिली पदवीधर; मी मोठ्या ऑफिसात बसणार असं तिने गावभर सांगून ठेवलं होतं. बसले आहे ती एका निवृत्त शिक्षकांच्या मागच्या खोलीत, आणि मजेत आहे! चारी भिंतींना जुने घरगुती संगणक, एकेक टाइपरायटरएवढा, टीव्हीला जोडायचा. सरांना जमवायचा नाद.

काम मात्र त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी आहे. त्यांना सगळे आत्याबाई म्हणतात. यातल्याच एका यंत्रावर त्या चित्रं काढायच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात लुळा पडला, डावा थरथरतो, कळा दाबता येत नाहीत. माऊस निदान सरकवता येईल. मला आपादमस्तक न्याहाळून त्या भावाला म्हणाल्या, आधी हिला पोटभर जेवू घाल, प्रोग्रॅम कुठे पळून जात नाही.

९ मार्च
हे यंत्र माऊसच्या आधीच्या काळातलं. त्यामुळे तार जॉयस्टिकच्या खाचेत जोडली आणि बाकी सगळं सी भाषेत मी लिहिते आहे. माऊस आपण कुठे आहोत ते कधीच सांगत नाही. एक पाऊल डावीकडे, एक वर, एवढंच. बेरीज मी ठेवायची आणि पडद्यावरचा बाण तिथे न्यायचा. आतल्या प्रत्येक बारीक तारेला आधी दिशा नेमून द्यावी लागते: शून्य म्हणजे आत घे, एक म्हणजे बाहेर दे.

आत्याबाईंनी आज चौकशी केली की माऊस त्यांच्या हयातीत हलेल की तेराव्याला. सर रागावले. मला हसू आवरेना.

१२ मार्च
हलला. डावा हात चहाच्या कपात गुंतलाय म्हणून आत्याबाईंनी थट्टेने मेलेला उजवा हात उचलून माऊसवर ठेवला. म्हणाल्या, हा रिकामटेकडा बसलाय, याला लाव कामाला. आणि तो हात सरकला. बाण सरकला, मागे रेघ उमटली. दोन वर्षांनी. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. याचसाठी शिकले मी.

१३ मार्च
चूक सापडली. शून्यांच्या जागी मी एक लिहिले होते. ज्या तारांवर यंत्राने ऐकायचं, त्यांवर ते बोलत होतं. हाताने बाण हलला नाही, यंत्राने हात हलवला. तारेतून स्नायू हलत नसतो, एवढं मला कळतं. तरी पाहिलं आहे. शिवाय बाणाला पडद्याच्या कडेशी थांबवणारी ओळ लिहायची राहिली. काल तो डावीकडून बाहेर गेला, परत आलेला नाही.

सांगायला गेले तर आत्याबाई त्या हाताने पांघरूण बाजूला सारून दाखवत होत्या. पुन्हा पुन्हा. नाही सांगितलं.

१५ मार्च
आता माऊस लागत नाही. हात आपणहून सरकतो, फक्त डावीकडे. जेवताना ताट खाली गेलं. आत्याबाई म्हणाल्या, दोन वर्षांची झोप झाली, आता उंडारणारच की. पण हसताना डाव्या हाताने त्यांनी ते मनगट दाबून धरलं होतं.

१६ मार्च
सरांना सगळं सांगितलं. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम यंत्र घेत नाही, कळा दाबल्या तरी ढिम्म. वीज काढली. हात थांबला नाही. पुन्हा चालू केलं, तरी तेच. बाण अजून बाहेर जातोच आहे, आणि कुठे थांबायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही—मी सांगितलेलं नाही.

१७ मार्च
डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. त्या झोपल्या, हात नाही. त्याने त्यांना पलंगावरून ओढत भिंतीपर्यंत नेलं. खांदा निखळला. शुद्धीवर आल्यावर थट्टा नाही, काही नाही. पोरी, बंद कर म्हणाल्या.

१८ मार्च
सर माऊस उपटायला गेले. त्यांनी तो मुठीत धरला, आणि आत्याबाईंचा हात गळून पडला. शांत. मग सरांचा हात निघाला, डावीकडे. त्यांनी ओरडून माऊस टाकला. तो हात थांबला, आणि तिकडे आत्याबाई—

एका वेळी एकच हात. मी एकाच माऊससाठी लिहिलं होतं.

१९ मार्च
सर म्हणाले, माऊस धरून ते बसतील. सत्तरीचा माणूस. मी हो म्हटलं, आधी आत्याबाईंना दवाखान्यात पोचवा, मग बसा. गाडी गेली. आतून कडी लावली. माऊस उजव्या हातात घेतला आणि चिकटपट्टीचं अख्खं रीळ गुंडाळलं. शेवटचं टोक दातांनी तोडलं.

सरांचा फोन आला. हात पडून आहे, म्हणाले. झोपल्या आहेत. मग विचारलं, तू कुठे आहेस. ठेवून दिला.

डाव्या हाताने लिहिते आहे. तार केव्हाच सुटली, फरक नाही. टेबल सरकलं. खुर्ची पडली. आईला—नको, तिला काय सांगणार.

पट्टी सुटलेली नाही. खांदा भिंतीला लागला आहे. भिंत हलत नाही, हात थांबत नाही, तो अजून एक पाऊल, अजून