क्रेन्शॉ कोचचा पट्टा

३० ऑगस्ट, शनिवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. हेतू एकच: कोच लिंडक्विस्टला केटवुड कॉलेजातून घालवणे. फुटबॉलचा सीझन संपायच्या आत. शांत डोक्याने.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग ओसरला तर वाचता येईल. सहा वर्षं मी कोच होइट क्रेन्शॉ यांच्या मागे उभा राहिलो. सामना चालू असताना कोचनं मैदानाची पांढरी रेघ ओलांडली की टीमला दंड: पंधरा यार्ड मागे. आणि पंच चुकला की क्रेन्शॉ यांना रेघ दिसायचीच नाही. म्हणून मागून त्यांचा पट्टा धरून ओढायला एक माणूस लागायचा. तो मी. कॉलेज मी दुसऱ्याच सेमिस्टरला सोडलं, पट्टा सोडला नाही.

जानेवारीत ते रिटायर झाले. हा नवा, लिंडक्विस्ट, मिनेसोटाचा. मला विचारलं, तुझं काम काय. सांगितलं. म्हणाला, मी जागचा हलत नाही. आणि माझा मैदानावरचा पास काढून घेतला.

संध्याकाळी.
जिंकलो. पंचांची मेहरबानी.

४ सप्टेंबर, गुरुवार
दोन्ही कोचची तुलना सुरू केली. निःपक्षपातीपणे.
आवाज: क्रेन्शॉ यांचा पार्किंगपर्यंत. लिंडक्विस्टचा शेजारच्यालाही नाही.
टोपी: क्रेन्शॉ प्रत्येक सामन्यात एक तरी पायाखाली तुडवायचे. लिंडक्विस्टच्या टोपीला चुणी नाही.
चहा: लिंडक्विस्ट बिनसाखरेचा पितो. अलाबामात, जिथे चहा म्हणजे गोडच. चारचौघांत.
किती सामने जिंकले, हा मुद्दा घेतला नाही. त्यानं तुलना एकांगी होते.

७ सप्टेंबर, रविवार
चर्चमधून आल्यावर आई म्हणाली, बिचारा इतक्या लांबून आलाय, त्याला मी भाजलेला पीकन पाय नेऊन दे. अक्रोडासारख्या पीकनचा हा गोड पदार्थ तिचा हातखंडा. निघालो. वाटेत गाडी थांबवून पाय खाल्ला. सगळा. सुडाची पहिली पायरी.
पोट बिघडलं. त्याचा याच्याशी संबंध नाही.

१० सप्टेंबर, बुधवार
आईला तो किराणा दुकानात भेटला. तिनं विचारलं, पाय कसा होता. म्हणे, असा पाय आयुष्यात खाल्ला नाही.
खोटारडा. शब्दशः खरं बोलून खोटारडा. क्रेन्शॉ यांनी तोंडावर सांगितलं असतं, कसला पाय.

२० सप्टेंबर, शनिवार
स्टेडियमात बोर्ड नेला: 'क्रेन्शॉ यांना परत आणा'. एकेक अक्षर तीनदा तपासलं. मागच्या रांगेत नेमका डब अंकल, ज्याच्या टायरच्या दुकानात मी काम करतो. तो म्हणाला, ऑरिन, बोर्ड खाली घे, नाहीतर सोमवारी तुलाच टायरमध्ये घालून हवा भरीन. बोर्ड खाली घेतला. नंतर ऊन वाढल्यावर त्यानं तोच डोक्यावर धरला, उलटा. अक्षरं खाली, म्हणजे त्याच्याशिवाय कोणाला वाचता आली नाहीत. पण संदेश स्टेडियमात पोचला.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दर गुरुवारी लिंडक्विस्ट गावातल्या व्हर्लीनच्या कॅटफिश माशाच्या हॉटेलात बसतो, रेडिओवर थेट कार्यक्रम असतो, लोक फोन करून प्रश्न विचारतात. आज मी केला. आवाज घोगरा काढला, म्हटलं, माँटगमरीचा एक चाहता बोलतोय. विचारलं, तुम्हाला राग का येत नाही, तुम्हाला या टीमची पर्वा आहे का.
फोन व्हर्लीनच्याच किचनमधून केला होता, कारण तिथे रेंज चांगली. ती मागून ओरडली, ऑरिन, तुझा मासा गार होतोय. पूर्ण अलाबामानं ऐकलं.
लिंडक्विस्ट म्हणाला, थँक यू, ऑरिन, आधी खाऊन घे.
पुढच्या वेळी रेंजचा विचार करणार नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
हरलो. शेवटच्या मिनिटाला. लिंडक्विस्ट पुतळ्यासारखा उभा, पण त्याचा डिफेन्सचा असिस्टंट कोच ट्रॉय, रेड्याएवढा गडी, पंचाच्या अंगावर धावून गेला. रेघ ओलांडली. पंधरा यार्ड. तिथेच सामना गेला.
खूप आनंद झाला. गाडीत डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीमुळे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
पुढच्या गुरुवारी कार्यक्रमात पाहुणे: कोच क्रेन्शॉ. दोघे एका टेबलावर. परमेश्वर आहे.
बेत असा. मी माइकसमोर उभा राहणार. विचारणार, दोघांत चांगला कोच कोण. क्रेन्शॉ मला बघताच उठणार, मिठी मारणार, म्हणणार, या पोरानं मला सहा वर्षं सांभाळलं आणि याला घालवणारा हा कोण. लिंडक्विस्ट सोमवारपर्यंत मिनेसोटात.
शर्टाला इस्त्री केली.

३० ऑक्टोबर, गुरुवार
सगळं ठरल्याप्रमाणे सुरू झालं. हॉटेल भरलेलं. प्रश्न विचारला, नीट, न अडखळता.
क्रेन्शॉ यांनी माझ्याकडे पाहिलं. उठले नाहीत. म्हणाले, "पोरा, याचं नाव कॉलेजला मीच सुचवलंय. माझ्यापेक्षा शहाणा आहे." मग खुर्चीत रेलून गोष्ट सांगितली. "सहा वर्षं कोणीतरी मागून माझी पँट ओढायचं. कोण ते मी कधी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कानफटात दिली असती."
सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत शेवटी थांबलो तो मीच.
मग त्यांनी विचारलं, तुझं नाव काय म्हणालास.
मी काही बोलायच्या आत लिंडक्विस्ट माइककडे वाकला. म्हणाला, "कोच, तुमच्या सामन्यांच्या सगळ्या टेप मी पाहिल्यात. प्रत्येकीत तुमच्या मागे हाच आहे. हा नसता तर निम्म्या सामन्यांत तुम्हाला दंड पडला असता."
कोणी हसलं नाही.
माझी बाजू घ्यायचा अधिकार त्याला कुणी दिला?

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
लिंडक्विस्ट टायरच्या दुकानात आला. चाकात हवा बरोबर होती, तरी तपासायला सांगितली. म्हणाला, "पास काढून घेतला ही माझी चूक. मी हलत नाही, पण ट्रॉय हलतो. उद्या ये."
होकार दिला. शत्रूला आतून पोखरता येतं. बेत: ऐन वेळी ट्रॉयचा पट्टा सोडून द्यायचा. दंड, पराभव, हकालपट्टी.

१ नोव्हेंबर, शनिवार
ऐन वेळ आली. शेवटचं मिनिट. पंच चुकला. ट्रॉय सुटला. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त हात उघडायचा होता.
टाचा रुतवून ओढला. दोघेही पाठीवर पडलो, रेघेच्या अलीकडे. हातांना बेत सांगायचा राहून गेला होता.
जिंकलो.
लिंडक्विस्टनी मागे वळून पाहिलं. मान डोलावली. पुन्हा समोर पाहू लागले.
वळून पाहणे हा मुद्दा तुलनेत घेतलेला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
आईनं पुन्हा पाय केला. नेऊन दिला. एक तुकडा कमी होता. सूड म्हणजे सूड.