घर सुधारलं की भाडं वाढतं

ती. मामांस,

वाकून नमस्कार. (शिवणाच्या मशीनवर बसून पाठ आधीच वाकली आहे, तेवढंच गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी अजून शिडीवरूनच माळ्यावर चढते का? (जिना तुम्ही माझ्या लग्नाआधी बांधायला घेतला होता, म्हणून आपलं विचारलं.)

आमचं म्हणाल, तर घर सोडायची वेळ आली होती, आणि ती आणली माझ्याच हौसेनं. गळका नळ बदलला, तर मालक म्हणाले, "वा, झकास झालं घर!" आणि भाडं वाढवलं. भिंती रंगवल्या, पुन्हा वाढवलं. म्हणजे खर्चही आमचा आणि दंडही आम्हालाच! आसपास चौकशी केली, तर तिथली भाडी ऐकून ह्यांनी प्यायला पाणी मागितलं. पण मी ठरवलं, काही झालं तरी हलायचं नाही. माझी सगळी गिऱ्हाइकं ह्याच गल्लीतली. गल्ली सुटली तर मशीनवर बसून काय माश्या मारू?

मग मी घर बिघडवायला घेतलं. भिंतीवर चहाचं पाणी शिंपडलं, कपाटाचं दार बिजागरीतून उतरवलं, मोरीतल्या फरश्या उचकटल्या. मालक आले की ह्यांनी छताकडे बघून उसासा टाकायचा, एवढंच ह्यांचं काम. (त्याचीही दोनदा तालीम घ्यावी लागली.) मालकांनी सगळं पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले! माणूस निघाला कनवाळू. म्हणाले, "वहिनी, अशा घरात राहता तुम्ही? सगळं माझ्या खर्चानं नवीन करून देतो. मग भाडंही नव्या घराचं घेऊ." करायला गेले एक आणि झालं भलतंच. ह्यांनी तेव्हा टाकला तो उसासा मात्र अगदी खरा होता.

पण मीही तुमचीच भाची. त्यांना बसवलं, चहा दिला आणि काम पुरं होईपर्यंत भाडं जुनंच, असं कबूल करून घेतलं. आता मला इथून कोण हलवतो ते बघतेच.

मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. कारागीर मीच सुचवला आहे. तुम्ही! रागावू नका, पण तुमच्या अर्धवट कामांना सगळे नातेवाईक हसतात, आणि मला आज त्याच गुणाचा आधार आहे. धाकटीची शाळा संपेपर्यंत काम पुरलं तरी खूप झालं. (ती यंदा पहिलीत आहे.)

पुन्हा ता. क. हत्यारं घरीच विसरून या. म्हणजे ती आणायला परत जाता येईल.