डावा हात मांडीवर

३ मार्च, मंगळवार. सकाळी १०.४०

ही वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात बघून टिपली. याच मिनिटाला माझ्या लेकीवर तिच्या कारखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत, अन्याय झाला. कामाच्या जागा आखणारा एक आलाय – मी त्याला फूटपट्टी म्हणते – तो हातांची ताकद मोजत होता. चाकांच्या खुर्चीत बसून एका हातानं मूठ आपल्याकडे ओढायची. काटा अकरावर थांबला! तिच्या नेहमीच्या प्रेस मशीनवर बसायला सोळा किलो लागतात. "ताई, तुम्हाला लेबलं चिकटवायला देऊ. बसून काम." बसून! कमरेखाली काही हलत नाही तिचं, आजवर काय उभी राहून करत होती?

ती ताठ बसून होती. मी आधीच बजावलं होतं – ताठ बस, खुर्चीला धरून लोंबू नकोस, डावा हात मांडीवर, चार लोक बघताहेत. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला असंच घडवलं.

४ मार्च

गेल्या वर्षी ती एकटीच गेली होती, तेव्हा एकोणीस भरले होते. आठ किलो गेले कुठे? रोज स्वतःला पलंगावरून खुर्चीत उचलते. माझ्या बरण्यांची झाकणं तीच उघडते! कारखान्याच्या साहेबांची भाची म्हणे काम शोधतेय. पाणी मुरतंय कुठंतरी.

५ मार्च

पाच किलो साखर घेऊन फूटपट्टीकडे गेले. म्हटलं, टांगा काट्याला. "आजी, हे काय?" "आजी तुमच्या घरी. टांगा!" काटा बरोब्बर पाचावर. फारच बरोब्बर. टेबलाखाली वाकून पाहिलं – गुडघे नीट आत जातात, मूठ छातीसमोर. कुठेही खोट नाही. लबाड माणूसच इतका नीटनेटका असतो.

घरी येऊन दोन पानी तक्रार टाइप केली.

७ मार्च

तिला व्यायाम देणारी बाई आली. मी सगळं सांगितलं, भाचीसकट. तिनं एवढंच विचारलं, "ओढताना दुसरा हात कुठे होता?"

मांडीवर.

"काकू, तिचे पोटापाठीचे स्नायू धरत नाहीत. एका हातानं खुर्ची धरली तरच दुसरा ओढणार. नाहीतर पुढे कोसळू नये यातच अर्धी ताकद जाते."

लेक खिडकीबाहेर बघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"चार लोक बघत होते, आई."

८ मार्च, रविवार

दोन्ही पानं फाडली. नवं पत्र – चूक माझी आहे, तिच्या हातांची नाही. चाचणी पुन्हा घ्या, डाव्या हातानं खुर्ची धरू द्या. मी दाराबाहेर थांबेन. उत्तर लेखी हवं, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत.